लिथुआनियन गुडघा

बास्केटबॉल हा लिथुआनियाचा दुसरा धर्म आहे, असं आमचे घरमालक फार गंभीरपणे सांगत. पहिल्या धर्माच्या चर्चमध्ये ते दर रविवारी जात आणि प्रवचन सुरू झालं की बाहेर येऊन पाइप ओढत. दुसऱ्या धर्माचा एकही सामना त्यांनी अमेरिकेत आल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षांत, पाहिलेला नव्हता. इथले लोक उड्या फार मारतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला मी त्यांच्या घरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. त्या भागात अशी तीन मजली लाकडी घरं रांगेने उभी आहेत. प्रत्येक मजल्याला पुढे व्हरांडा, आणि प्रत्येक व्हरांड्यात एक खुर्ची, जिच्यावर कोणी बसत नाही. खाली मालक-मालकीण, मधला मजला रिकामा, वर मी आणि माझा अर्धवट प्रबंध. मालक महायुद्धानंतर निर्वासितांच्या छावणीतून इकडे आलेले. तारांच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. मला ते ‘प्रोफेसर’ म्हणत. मी विद्यार्थी आहे, असं मी एक-दोनदा सांगून पाहिलं. त्यावर मालकीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “राहू दे. त्यांना घरात एक प्रोफेसर हवा होता.”

ऐंशीच्या दशकाचा तो शेवटचा हिवाळा. टीव्हीवर लोक बर्लिनच्या भिंतीवर चढून नाचत होते आणि आमचे मालक कोट-टाय घालून टीव्हीसमोर बसत होते, न जाणो कोणी बोलावलं तर. अशात एक दिवस त्यांनी मला खाली बोलावलं आणि जाहीर केलं की मधल्या मजल्यावर लिथुआनिया राहायला येतोय.

लिथुआनिया सहा फूट दहा इंच होता. वय बत्तीस, केस मागे सरकलेले, हातात एक बॅग. दारातून आत येताना तो वाकला आणि नंतर घरात असेपर्यंत बहुतेक वाकूनच राहिला. काउनास शहराच्या संघाकडून तो दहा वर्षं तिकडच्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला होता. आता मॉस्कोने खेळाडूंना बाहेर जायची परवानगी द्यायला सुरुवात केली होती. त्याच्याहून चांगले आणि त्याच्याहून तरुण होते ते अमेरिकेच्या बड्या संघांकडे गेले. हा आमच्याकडे आला. आमच्या शहराचा संघ एका लहान लीगमध्ये होता. त्याचा मालक गालिच्यांचा दुकानदार होता आणि खेळाडूंच्या बनियनवर पुढे संघाचं आणि मागे गालिच्यांचं नाव असे. ठरलं असं होतं की नाताळपर्यंत त्याला आजमावून बघायचं, पसंत पडला तर उरलेल्या हंगामाचा करार, नाहीतर परतीचं तिकीट.

पहिल्या आठवड्यातच अडचण समोर आली. खेळाडूला इंग्रजी येत नव्हतं. ‘थँक यू’ आणि ‘नो प्रॉब्लेम’ हे दोन शब्दप्रयोग तो अचूक उच्चारत असे, पण कुठे वापरायचे याचा नेम नव्हता. कोचला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. तेव्हा आमचे घरमालक दुभाषे झाले. टोपी घालून ते बाकाच्या मागे उभे राहू लागले. त्यांना गाडी चालवायची डॉक्टरांनी मनाई केलेली, म्हणून दोघांना हॉलवर न्यायचं काम माझ्या जुन्या स्टेशनवॅगनकडे आलं. तिच्यात मागची सीट पाडली की तो खेळाडू तिरका बसू शकत असे.

मालकांचं भाषांतर मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची आठवण झाली. टाइमआउट म्हणजे मिनिटभराचा मामला. कोच म्हणाला, “त्याला सांगा, डावीकडेच थांब.” मालकांनी टोपी काढली आणि लिथुआनियन भाषेत बोलायला सुरुवात केली. मला भाषा कळत नव्हती, पण आवाजाच्या चढ-उतारावरून मध्ययुगातल्या राजांपासून सुरुवात झालेली असावी, आणि महायुद्धापूर्वीच्या, बास्केटबॉलमधल्या युरोपच्या विजेतेपदापर्यंत ते पोहोचले तेव्हा शिट्टी वाजली. खेळाडूने आदराने मान डोलावली, मैदानात गेला आणि उजवीकडे जाऊन उभा राहिला. डावीकडचा भाग भाषणात अजून यायचा होता.

असे चार-पाच सामने गेले. कोच हा टक्कल पडलेला, सदा दातकाडी चघळणारा आणि प्रबंधामुळे मला ‘डॉक’ म्हणणारा माणूस, त्याने मला एकदा विचारलं, “डॉक, तुमच्या म्हाताऱ्याच्या भाषेत ‘डावीकडे’ला इतका वेळ लागतो का?” मी म्हटलं, मला ती भाषा येत नाही. तो म्हणाला, म्हाताऱ्यालाही ती येत नसावी असं आता वाटायला लागलंय.

माझ्या रशियनचा शोध लागला तो एका बंद पडलेल्या वायपरमुळे. सरावाहून परतताना बर्फ पडत होतं, वायपर काचेला चिकटले, मी गाडी कडेला घेतली. खेळाडूने मागून रशियन भाषेत एक शिवी घातली. मी काही विचार न करता त्याच भाषेत उत्तर दिलं, “पृष्ठभागांमधील घर्षण या ठिकाणी जास्त आहे.”

 मग मागची सीट हलायला लागली. तो हसत होता.

माझी रशियन पुण्यातली. कॉलेजात असताना सोव्हिएत पुस्तकं वडापावच्या भावात मिळत आणि ती मूळ भाषेत वाचता यावीत म्हणून मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं होतं. त्या वर्गात मुली पुष्कळ असतात, असंही ऐकलं होतं. ते खोटं निघालं. यंत्रशास्त्र आणि भूमितीची पुस्तकं मात्र मी खरोखर वाचली. त्यामुळे माझ्याकडे जी रशियन होती तिच्यात ‘समजा’, ‘म्हणून’, ‘दिलेल्या बिंदूतून’ आणि ‘हेच सिद्ध करायचे होते’ एवढं उत्तम होतं. बाजारात जाऊन कांदे मागायची वेळ आली असती तर मला कांद्याचं घनफळ सांगावं लागलं असतं.

पुढच्या सामन्यात कोचने मला बाकाजवळ ओढलं. प्रतिपक्ष दोन पुढे, तीन मागे असा उभा राहून बचाव करत होता, आणि कोचचं म्हणणं होतं की आपल्या माणसाने त्यांच्या मधोमध घुसून चेंडू घ्यावा आणि कोपऱ्यात पास द्यावा. मी खेळाडूला म्हणालो, “प्रतिपक्षाचा एक समलंब चौकोन आहे असे मानू. त्याच्या कर्णांच्या छेदनबिंदूवर तू उभा राहा. चेंडू मिळाल्यावर तो जवळच्या शिरोबिंदूच्या बाहेर द्यावा.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाला, “शाळेत मला असं कोणी सांगितलं असतं तर मी गणितात नापास झालो नसतो.” मग जाऊन त्याने तसंच केलं. दोनदा, तीनदा. कोचने दातकाडी थुंकून टाकली. तेव्हापासून खेळाडू मला ‘इंजिनिअर’ म्हणायला लागला.

प्रश्न घरचा होता. रशियाने देश गिळला म्हणून मालकांनी छावणीतून निघतानाच शपथ घेतली होती की आपल्या छपराखाली रशियन भाषेचा एक शब्द उच्चारला जाणार नाही. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही. त्या सामन्याच्या रात्री नेहमी जेवायला बोलावत तसंच बोलावलं. मालकीणबाईंनी बटाट्याचे ते त्यांचे मोठे उकडलेले गोळे केले होते, माझ्यासाठी खिम्याऐवजी आत पनीरसारखं घरचं चीज घालून.  शेवटी मालक बशीकडे बघत म्हणाले, “प्रोफेसर, गाडी ही तुमची मालमत्ता आहे. तिच्यात काय बोललं जातं हा तुमचा प्रश्न.”

“आणि फुटपाथ?” मालकीणबाईंनी विचारलं.

“फुटपाथ नगरपालिकेचा आहे,” मालक म्हणाले.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. घरात मी आणि खेळाडू एकमेकांकडे बघून नुसते हसायचो, जिन्यात भेटलो तर खाणाखुणा करायचो, आणि काही बोलायचं असलं की कोट चढवून बाहेर पडायचो. घरासमोर उभ्या केलेल्या गाडीत हीटर लावून बसायचो आणि त्या चार दरवाजांच्या आत रशियन बोलायचो. शेजारणीला वाटे, आम्ही रोज कुठेतरी जायला निघतो आणि विचार बदलतो.

त्याची कारकीर्द मला कळली ती तिथे, पेट्रोल जाळत. तो सांगायचा ते हकिगतीसारखं, तक्रारीसारखं नाही. बावीस वर्षांचा असताना त्याला देशाच्या संघात घेतलं, बॅग भरून झाली, आणि विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी नाव काढलं. कारण कोणी दिलं नाही. पुढे कळलं की त्याच्या मावशीचा दीर शिकागोला होता आणि त्याने नाताळला कार्ड पाठवलं होतं. दोन वर्षांनी पुन्हा घेतलं. त्या वेळी बॅग मुद्दाम भरली नाही, तर खरंच नेलं. तेव्हाचं कारण असं की त्याच्याहून सरस जो होता त्याच्या चुलत्याने परदेशात कुणाला तरी पत्र पाठवलं होतं.

“म्हणजे मी चांगला होतो की नाही, हे मला अजून कळलेलं नाही,” तो म्हणाला. “एकदा चांगला असूनही काढलं, एकदा कमी असूनही घेतलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता फार वर्षं नाहीत. इथे एकदा फक्त खेळावरून मला घ्यावं किंवा खेळावरून काढावं. दोन्हीपैकी काहीही चालेल.”

मला सहानुभूतीचं एखादं वाक्य रशियनमध्ये बनवता येईना. मी म्हणालो, “अट पुरेशी आणि आवश्यक आहे.” तो म्हणाला, हो, तसंच.

आता नाताळ जवळ आला होता आणि गालिचेवाल्या मालकाचं मन तळ्यात-मळ्यात होतं. सामन्यांना माणसं येत नव्हती. आमचे सामने आइस हॉकीच्या इमारतीत होत. खाली बर्फ तसंच ठेवून त्यावर लाकडी फळ्या अंथरायच्या आणि वर बास्केटबॉल खेळायचा, अशी तिथे सोय होती. प्रेक्षक रजया घेऊन येत. खेळाडूंच्या पोटऱ्यांखालून थंडी वर चढे. आमच्या खेळाडूचा गुडघा धावत असला की ठीक, आणि थांबला की पाच मिनिटांत लाकूड. म्हणून टाइमआउटमध्येही तो जागच्या जागी पाय हलवत राही.

गालिचेवाल्याने एक युक्ती काढली. नाताळाआधीच्या शेवटच्या सामन्याला बॉस्टनपासूनचे सगळे लिथुआनियन लोक बोलवायचे, मध्यंतरात खेळाडूचा गौरव करायचा, आणि मग बघू. हे ऐकून आमच्या घरमालकांचा चेहरा महिनाभरानंतर पहिल्यांदा उजळला. दुभाषेपद गेलं होतं. गौरवाचं भाषण त्यांच्याकडे आलं. ते तयारीला लागले. रात्री खालून आवाज यायचा तो मालकीणबाईंना पाठ म्हणून दाखवत असल्याचा, आणि मधूनमधून मालकीणबाईंचा एकच शब्द, जो ‘लहान करा’ अशा अर्थाचा असावा.

इथपर्यंत सगळं लिथुआनियन होतं. पण गालिचेवाल्याने मला विचारलं, “डॉक, तुमचे लोक किती आहेत इथे?” मी म्हटलं, शेजारच्या श्रूजबरी गावात दहा-बारा घरं आहेत मराठी मंडळात. तो म्हणाला, आणा की.

मंडळाचे सेक्रेटरी काका कंप्युटर कंपनीत मॅनेजर होते आणि भारतात असते तर किमान तीन संस्थांचे अध्यक्ष असते. मी फोन केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, येऊ, फॅमिलीज घेऊन येऊ, पण मग मंडळातर्फेही सत्कार व्हायला हवा.

मी म्हटलं, “काका, पण त्याचा नि आपला काय संबंध?”

“संबंध कशाला लागतो?” काका म्हणाले. “सत्कार करायचाय, सोयरीक नाही.”

मागून काकूंचा आवाज आला, “उंची विचार रे त्याला. शाल कुठवर पुरेल?”

सामन्याच्या संध्याकाळी हॉल भरला. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. एका बाजूला म्हातारी लिथुआनियन मंडळी, खांद्यावरून विणलेले पट्टे, हातात पिवळा-हिरवा-लाल झेंडा. हा झेंडा चाळीस वर्षं तिकडे बंदीत होता, असं मालकांनी मला अनेकदा सांगितलं होतं. खेळाडूने गाडीत सांगितलं होतं की आता तिकडे तो सगळेच फडकवतात, पोलीससुद्धा. पण हे मालकांना सांगायचं धाडस कोणी केलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला आमचे लोक, कोटाखाली पैठण्या, थर्मासमध्ये चहा. काकूंची मुलगी म्हणाली, “आई, प्लीज डोन्ट डू धिस.” काकूंनी तिच्या हातात तबक दिलं आणि सांगितलं, सरळ धर. निरांजन होतं, पण इमारतीच्या अधिकाऱ्याने ज्योत लावायला मनाई केली. कुंकवाला तो काही म्हणाला नाही. ते काय आहे हे त्याला कळलं नसावं.

पहिला अर्धा सामना आमचा माणूस सुरेख खेळला. हे मी भाषांतरकार म्हणून म्हणत नाही. मला फारसं सांगावंच लागलं नाही. तो समलंब चौकोनात शिरे, चेंडू घेई आणि न बघता नेमका कोपऱ्यात देई. कोच पुटपुटला, “हाच खेळ अजून अर्धा दाखवू दे.” आम्ही थोडे मागे होतो, पण ते भरून निघण्यासारखं होतं.

मग मध्यंतर झालं.

मैदानाच्या मधोमध खेळाडू उभा. मालकांनी टोपी काढली, कागद काढला, मग कागद खिशात परत घातला. हे मला वाईट लक्षण वाटलं. ते राजांपासून सुरू झाले. थोडं लिथुआनियनमध्ये, थोडं इंग्रजीत, जेणेकरून कोणी वंचित राहू नये. खेळाडू अदबीने उभा होता आणि पाय हलवत नव्हता, कारण आपला देश चालू असताना पाय हलवणं त्याला बरं दिसेना. मी कोचकडे पाहिलं. कोच घड्याळाकडे पाहत होता. दुसरा संघ सराव करायला बाहेर आला आणि संकोचून पुन्हा आत गेला.

काकांना वाटलं, आपली पाळी राहून जाते की काय. भाषण लढाईपर्यंत आलं असताना त्यांनी काकूंना पुढे व्हायला सांगितलं. आपल्याकडे एक बोलत असताना दुसऱ्याने हार घालण्यात काही गैर नसतं, वेळ वाचतो. काकू तबक घेऊन गेल्या, मागे शाल घेऊन काका, काखेत नारळ. काकूंची उंची पाच फुटांच्या आत. त्यांनी कुंकवाचं बोट वर केलं. ते खेळाडूच्या छातीवरच्या नंबरापर्यंत पोहोचलं. तो वाकला. तरी पोहोचेना. “आणि थोडं रे बाळा,” काकू मराठीत म्हणाल्या. त्याला ते बरोबर कळलं. त्याने एक गुडघा जमिनीला टेकला. ऑपरेशनवाला, कारण दुसरा त्याला टेकता येत नसे. भार त्या चांगल्या पायावर घेऊनच खाली जावं लागे.

आता झेंडा घेऊन मैदानात उतरलेली म्हातारी मंडळी काकूंच्या बरोबर मागे उभी होती. हॉलच्या त्या बाजूच्या लोकांना काकू दिसतच नव्हत्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की सोव्हिएत देशातून आलेल्या खेळाडूने स्वतंत्र लिथुआनियाच्या ध्वजासमोर गुडघा टेकला. आमच्या घरमालकांनाही तेच दिसलं. चाळीस वर्षं तयार असलेलं भाषण त्यांनी अर्ध्यावर सोडलं. त्यांच्या आयुष्यात हे तेवढ्या एकाच वेळी घडलं असेल. ते राष्ट्रगीत म्हणायला लागले.

सगळा हॉल उभा राहिला. बायका रडत होत्या, पुरुष रडत होते. आमची मंडळीही उभी राहिली. राष्ट्रगीत कोणाचं का असेना, उभं राहायचं असतं हे आपल्याला शाळेपासून माहीत. काकू बोट वर केलेल्या अवस्थेत सावधान झाल्या. काकांनी नारळ छातीशी धरला. गीताला बरीच कडवी होती. खेळाडू गुडघ्यावर होता, आणि राष्ट्रगीत चालू असताना गुडघ्यावरून उठणं म्हणजे काय समजलं जाईल हे त्याला ठाऊक होतं. खाली फळ्या, फळ्यांखाली बर्फ. गीत संपल्यावर काकूंनी कुंकू लावलं, काकांनी शाल घातली. तो उठायला गेला आणि उठेना. संघातल्या दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. टाळ्या तेव्हा सर्वांत जास्त वाजल्या.

दुसऱ्या अर्ध्यात त्याला धावता येत नव्हतं. गुडघा वाकतच नव्हता. कोच मला म्हणाला, “विचार, बाहेर बसतोस का?” मी विचारलं. तो म्हणाला, नाही. मग कोच थोडा वेळ दातकाडी चघळत राहिला आणि त्याने फळ्यांवर एका जागी बूट आपटला. मी खेळाडूला म्हणालो, “बिंदू स्थिर आहे असे मानू. बाकी सर्व त्याच्याभोवती फिरतात.”

तो तिथे जाऊन उभा राहिला, एका पायावर भार टाकून, खांबासारखा. बाकी चौघे त्याच्याभोवती पळत आणि चेंडू त्याच्याकडे देत, आणि तो चेंडू एक क्षणही न ठेवता जिथे माणूस अजून पोहोचलेला नसे तिथे टाकी. माणूस तिथे पोहोचे. मला खेळातलं फार कळत नाही, पण एखादं गणित सुटताना जे समाधान होतं ते मला त्या रात्री हॉकीच्या इमारतीत झालं. आम्ही हरलो, अगदी थोडक्यात. स्वतः त्याने त्या अर्ध्यात एकदाही बास्केट केली नाही.

पार्किंगमध्ये कोच माझ्या गाडीपाशी आला. काच खाली करायला लावली. म्हणाला, “त्याला सांग, तीस वर्षं मी ह्या धंद्यात आहे. एका पायावर असा खेळलेला माणूस मी पाहिलेला नाही. माझ्या हातात असतं तर मी ह्याच्याशी करार केला असता. तसंच सांग, तुझ्या भूमितीत नको.” मी माझ्या परीने सांगितलं.  घरमालक पुढच्या सीटवर होते. गाडीतली रशियन त्यांनी ऐकली आणि खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचे डोळे अजून ओलेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गालिच्यांच्या दुकानात आम्ही गेलो. गुडघ्याला काकूंची शाल गुंडाळलेली होती. ती लोकरीची आणि चांगली उबदार होती. गालिच्याच्या एका गुंडाळीवर गालिचेवाला बसला होता, दुसरीवर आम्ही. तो खूश होता. हॉल भरला होता, वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने फोटो काढला होता, आणि ज्या-ज्या शहरात लिथुआनियन लोक आहेत तिथे असाच कार्यक्रम करायचा त्याचा बेत होता. करार उरलेल्या हंगामाचा. गुडघा बरा होईपर्यंत खेळला नाही तरी चालेल. “त्याला सांग,” तो म्हणाला, “खेळ वगैरे ठीक आहे, पण ते गुडघा टेकणं. त्यानेच काम झालं.”

माझ्या रशियनमध्ये हे सांगायला अगदी योग्य शब्द होते, कार्यकारणाचे. मी सांगितले.

खेळाडू गालिच्याचे धागे बोटाने सारखे करत होता. मग म्हणाला, “तिकडे मावशीच्या दिरामुळे काढलं. इकडे तुझ्या काकूमुळे घेतलं.” पुढे म्हणाला, “इंजिनिअर, काल कोच काय म्हणाला ते परत एकदा सांग.”

मी परत सांगितलं. या वेळी सावकाश. त्याने ऐकून घेतलं, पेन मागितलं आणि सही केली.

उरलेल्या हंगामात तो खेळला कमी आणि सत्कार घेतले जास्त. प्रत्येक ठिकाणी त्याला गुडघा टेकायची विनंती होई. तो डॉक्टरांचं कारण सांगून उभा राही. वसंतात संघ बंद पडला, गालिच्यांचं दुकान मात्र चालू राहिलं. तो काउनासला परत गेला आणि मुलांना शिकवू लागला. मालकीणबाईंच्या पत्रातून मला पुढे कळलं की तो मुलांना फळ्यावर समलंब चौकोन काढून दाखवतो आणि ‘हे कुठे शिकलात?’ विचारलं की ‘अमेरिकेत’ असं सांगतो.

वर्तमानपत्रातला तो फोटो मोठा करून वूस्टरच्या लिथुआनियन क्लबात लावला आहे. एका गुडघ्यावर खेळाडू, समोर झेंडा, खाली पितळी पट्टीवर देश, स्वातंत्र्य आणि निष्ठा असे तीन शब्द. काकूंचा भाग चौकटीत बसेना म्हणून कापला. उजव्या कडेला अर्धा नारळ आहे.